खासदारांकडे अवकाश विज्ञानाचा निधी मागायला जाताना

प्रश्न असा आला आहे: "आम्ही इंदूरमधला आकाशनिरीक्षणाचा हौशी गट आहोत. काही शिक्षक आहेत, काही अभियांत्रिकीचे विद्यार्थी. सरकारने अवकाश विज्ञानावर जास्त खर्च करावा यासाठी खासदारांना भेटायचं आहे. 'आधी गरिबांचं बघा' असं ते म्हणाले तर काय सांगायचं? निवेदनात काय लिहायचं? आणि एका खासदाराच्या हातात मुळात असतं तरी काय?"

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. मध्य प्रदेशातल्या एका खासदारांच्या कार्यालयात मी बरीच वर्षं पत्रव्यवहार आणि संसदीय प्रश्नांचं काम पाहिलं. पुढे विज्ञानप्रसाराच्या कामात आल्यावर निवेदनं घेऊन स्वतः रांगेत बसले. विज्ञानासाठी येणाऱ्या बहुतेक शिष्टमंडळांची मागणी एकच असायची: निधी वाढवून द्या. ही मागणी कोणताही खासदार एकट्याने पूर्ण करू शकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 113 प्रमाणे अनुदानाची मागणी राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच, म्हणजे सरकारकडूनच, लोकसभेत येते. सभागृह ती मान्य करू शकतं, नाकारू शकतं किंवा कमी करू शकतं. वाढवू शकत नाही. शिवाय त्या मतदानाला पक्षाचा व्हिप, म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत देण्याचा आदेश, असतो. त्यामुळे "तुम्ही आमच्या बाजूने मत द्या" या वाक्याला आपल्याकडे फारसा अर्थ उरत नाही.

मग खासदार काय करू शकतात? पुष्कळ. ते लेखी प्रश्न विचारू शकतात आणि त्याला सरकारला आकड्यांसह उत्तर द्यावं लागतं. लोकसभेत नियम 377 खाली किंवा शून्य प्रहरात विषय मांडू शकतात. विरोधी बाकांवरचे असतील तर 'या मागणीतून शंभर रुपये कमी करा' अशी प्रतीकात्मक कपात सूचना देऊन एखाद्या नेमक्या त्रुटीवर बोट ठेवू शकतात. संबंधित मंत्र्यांना पत्र लिहू शकतात, आणि खासदाराच्या लेटरहेडवरच्या पत्राची नोंद आपल्या निवेदनापेक्षा वेगळ्या वहीत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सगळ्यात मोलाची जागा मात्र स्थायी समिती. विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल या विषयांची विभागसंलग्न संसदीय स्थायी समिती 31 जणांची असते, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. अंतराळ विभागाच्या मागण्या तिच्यापुढे येतात. सचिव तिथे समोर बसून उत्तरं देतात, कॅमेरे नसतात, पक्षाची धारही बोथट होते. तुमचे खासदार त्या समितीत नसले तरी त्यांच्या ओळखीचं कोणीतरी असतंच. "समितीतल्या सदस्यांपर्यंत हा प्रश्न पोहोचवाल का?" ही मागणी खासदाराला एका फोनमध्ये पूर्ण करता येते, आणि एका फोनमध्ये होणारी कामं होतात.

तेव्हा पहिला निर्णय घरून करून निघा: या भेटीत आपण एकच गोष्ट मागणार, आणि ती खासदाराच्या हातातली असणार.

आता आकडे. इथे हौशी मंडळी दोन टोकांना जातात. एक तर आकडे नसतातच, नाहीतर चाळीस पानांची फाइल असते. चार आकडे पुरतात, पण ते पक्के हवेत. 2025-26 च्या अर्थसंकल्पात अंतराळ विभागाची तरतूद सुमारे 13,416 कोटी रुपये होती आणि केंद्राचा एकूण अर्थसंकल्प सुमारे 50.65 लाख कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांतले साधारण 26 पैसे. लोकसंख्येने भागलं तर माणशी वर्षाला पंचाण्णव रुपयांच्या आसपास, आपल्याकडे दोघातिघांच्या पोहे-जिलबीचा खर्च. लक्षात ठेवा, ही सगळ्या विभागाची रक्कम आहे. तिचा मोठा भाग रॉकेट, उपग्रह, प्रक्षेपण केंद्रं आणि गगनयानसारख्या कार्यक्रमांकडे जातो. 'अंतराळ विज्ञान' हे त्यातलं वेगळं आणि फार छोटं शीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, आहे. तुम्ही विज्ञानासाठी बोलायला जात असाल तर विभागाच्या अनुदान मागण्यांच्या पुस्तकातून त्या शीर्षाचा ताजा आकडा काढा आणि तोच पुढे ठेवा. पूर्ण विभागाचा आकडा सांगितला की समोरचा म्हणतो, "अहो, तेरा हजार कोटी देतोय की!" आणि संभाषण तिथेच संपतं.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि निवेदनांमध्ये जवळजवळ कधीच दिसत नाही. तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांत फरक असतो. 2022-23 मध्ये अंतराळ विभागासाठी फेब्रुवारीत 13,700 कोटींची घोषणा झाली आणि सुधारित अंदाजात, म्हणजे त्याच वर्षाच्या खर्चाचा सरकार नंतर नव्याने मांडतं त्या आकड्यात, ते 10,530 कोटींवर आले. 2023-24 मध्ये 12,544 कोटींचे 11,070 झाले. 2020-21 मध्ये तर साडेतेरा हजारांचे साडेनऊ हजार, पण ते कोविडचं वर्ष होतं, ते उदाहरण देऊ नका, समोरून लगेच तेच उत्तर येईल. मंजूर झालेला पैसा का वापरला गेला नाही? मोहिमा पुढे ढकलल्या गेल्या, खरेदी अडली, उपकरणं वेळेत आली नाहीत की मनुष्यबळ कमी पडलं? हा प्रश्न कोणत्याही पक्षाचा खासदार विचारू शकतो. सत्ताधारी असेल तर त्याला सरकारवर टीका केल्यासारखं वाटत नाही, विरोधी असेल तर मुद्दा मिळतो. आणि "आणखी द्या" पेक्षा "दिलेलं पोहोचतंय का ते बघा" म्हणणाऱ्या माणसाकडे राजकारणी जास्त विश्वासाने पाहतात.

लेखी प्रश्न असा सुचवता येईल: मागील पाच वर्षांत अंतराळ विज्ञान या शीर्षाखाली मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च वर्षनिहाय किती होता; खर्च कमी राहिला असल्यास कारणं काय; ॲस्ट्रोसॅट, आदित्य-एल1 आणि एक्सपोसॅट या विज्ञान मोहिमांच्या माहितीवर काम करणाऱ्या विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना किती अनुदान दिलं गेलं; आणि त्यात मध्य प्रदेशातल्या संस्थांचा वाटा किती. लोकसभेत प्रश्न दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो आणि किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. तुम्ही तो हिंदीत टाइप करून, थेट नकलवता येईल अशा रूपात दिलात, तर सहायकाचं अर्धं काम तुम्ही केलेलं असतं. सहायकाचं काम हलकं करणं हा या सगळ्या खटाटोपातला फार मोठा भाग आहे. भेट साहेबांची असते, पण कागद पुढे सरकतो की कपाटात जातो हे बाहेरच्या खोलीत ठरतं. तिथल्या माणसाशी नीट बोला, त्याचा नंबर घ्या, आभाराचा निरोप त्यालाही पाठवा.

आता "आधी गरिबांचं बघा". हे वाक्य ऐकून चिडू नका. रोज सकाळी ज्याच्या दारात रेशनकार्ड, उपचाराची मदत आणि नळाच्या पाण्यासाठी माणसं उभी असतात, त्याने हे विचारणं रास्त आहे. यावर बहुतेक जण घाईघाईने उपग्रहांचे फायदे सांगायला लागतात: वादळाचा इशारा, मासेमारी, पिकांचा अंदाज, टीव्ही, मोबाइल. हे फायदे खरे आहेत. माळव्यातल्या सोयाबीनवाल्याला पावसाचा अंदाज लागतो आणि त्यामागे इन्सॅट मालिकेचे हवामान उपग्रह आहेत. पण मी तुम्हाला कळकळीने सांगते, शुद्ध विज्ञानाची मागणी उपग्रहांच्या उपयुक्ततेच्या पदराआड लपवू नका. कारण समोरचा हुशार असतो. तो म्हणेल, "छान, मग हवामान उपग्रहाला पैसे देऊ; कृष्णविवरं बघणाऱ्या दुर्बिणीला कशाला?" तुमच्याच युक्तिवादाने तुमची दुर्बीण यादीतून जाते. इस्रोने करवून घेतलेल्या एका अभ्यासात गुंतवलेल्या रुपयामागे अडीच रुपयांचा परतावा निघाला आहे. तो आकडाही संपूर्ण अवकाश क्षेत्राचा आहे, क्ष-किरण खगोलशास्त्राचा नाही. तो चुकीच्या जागी चिकटवला आणि कोणी पकडलं, तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

मग सांगायचं काय? हे सांगा की भारताचा अवकाश कार्यक्रम विज्ञानातूनच जन्मला. केरळमधलं थुंबा हे ठिकाण निवडलं गेलं कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं आणि तिथल्या वरच्या वातावरणात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचा अभ्यास करायचा होता. 21 नोव्हेंबर 1963 ला तिथून पहिलं रॉकेट सुटलं ते या कुतूहलापोटी. त्या वेळी देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता, धान्य बाहेरून येत होतं. 19 एप्रिल 1975 ला आर्यभट अवकाशात गेला, त्यावर क्ष-किरण खगोलशास्त्राचा प्रयोग होता. वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे ते प्रयोग काही दिवसांतच थांबले. पण त्या विषयात काम करणारी माणसं थांबली नाहीत. चाळीस वर्षांनी, 28 सप्टेंबर 2015 ला, ॲस्ट्रोसॅट ही भारताची पहिली संपूर्ण खगोलशास्त्रीय वेधशाळा कक्षेत गेली. जानेवारी 2024 मध्ये एक्सपोसॅट गेला, क्ष-किरणांचं ध्रुवण (त्यांच्या कंपनांची दिशा) मोजणाऱ्या जगातल्या मोजक्या उपग्रहांपैकी एक. त्यावरचं मुख्य उपकरण बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत घडलं. पैसा चाळीस वर्षं थोडाथोडा का होईना पण सलग मिळत गेला, म्हणून हे झालं. मध्ये पाच वर्षं बंद केला असता तर माणसं पांगली असती, आणि अशी माणसं पुन्हा जमवायला एक पिढी जाते. विज्ञानाच्या निधीत रकमेइतकंच सातत्य महत्त्वाचं, हा मुद्दा राजकारण्यांना चांगला कळतो, कारण बूथवरचे कार्यकर्ते एकदा पांगले की काय होतं हे त्यांना ठाऊक असतं.

कुतूहलातून उपयोग कसा निघतो हे सांगायचंच असेल तर सूर्याचं उदाहरण घ्या, ते प्रामाणिक आहे. मार्च 1989 मध्ये सौर वादळामुळे कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज कित्येक तास गेली होती. फेब्रुवारी 2022 मध्ये अशाच एका वादळामुळे एका अमेरिकन कंपनीचे नुकतेच सोडलेले सुमारे चाळीस उपग्रह वातावरणात पडून जळाले. मे 2024 च्या मोठ्या वादळात लडाखमधल्या हान्लेचं आकाश लाल झालेलं आपण सगळ्यांनी छायाचित्रांत पाहिलं. 2 सप्टेंबर 2023 ला निघालेलं आदित्य-एल1 पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे. सूर्याचा प्रभामंडल, म्हणजे त्याचं सगळ्यात बाहेरचं वातावरण, पृष्ठभागापेक्षा इतका तप्त का, हा त्यामागचा प्रश्न निव्वळ शास्त्रीय आहे. आपले शेकडो कोटींचे उपग्रह आणि विजेची जाळी ज्या वादळांच्या टप्प्यात येतात, ती समजून घ्यायची वाटही तिथूनच जाते.

दोन युक्तिवाद मात्र घरीच ठेवून जा. पहिला, "आपण हॉलिवूडच्या सिनेमापेक्षा स्वस्तात मंगळावर गेलो." मंगळयान सुमारे 450 कोटींत झालं, चंद्रयान-3 सुमारे 615 कोटींत, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण पैसे मागायला गेल्यावर स्वस्ताईचं कौतुक करणं म्हणजे कमी पैशांत भागतं असं आपणच कबूल करणं. त्यापेक्षा हे सांगा की पुढच्या मोहिमा मोठ्या आहेत: सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने शुक्र मोहिमेला 1,236 कोटी आणि चंद्रयान-4 ला 2,104 कोटी मंजूर केले आहेत. यान तिथे पोहोचलं की माहितीचा ओघ सुरू होईल. तो वाचणारी, विश्लेषण करणारी तरुण मुलं विद्यापीठांत आजपासून तयार व्हायला हवीत, आणि त्यांच्या शिष्यवृत्त्यांचा, प्रयोगशाळांचा खर्च मोहिमेच्या खर्चापुढे किरकोळ असतो. दुसरा, चीन किंवा पाकिस्तानशी स्पर्धा. टाळ्या मिळतात, पण त्यातून पैसा दिसण्याजोग्या मोहिमांकडे वळतो, क्ष-किरण दुर्बिणीकडे नाही.

"आता खासगी कंपन्या आल्यात, त्या करतील" असंही ऐकायला मिळेल. उत्तर छोटं आहे. खासगी कंपनी रॉकेट बनवेल, उपग्रह बनवेल, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या प्रकाशाला गिऱ्हाईक नाही. ते काम जगभर सरकारच्या पैशावरच चालतं.

इंदूरचा धागा नक्की जोडा, तुमच्या हातात तो उत्तम आहे. आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्र, खगोलभौतिकी आणि अवकाश अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. राऊजवळचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, आपलं 'कॅट', हे लायगो-इंडियाच्या चार प्रमुख संस्थांपैकी एक आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होते आहे आणि मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी मंजूर केले. मराठवाड्यातल्या प्रकल्पाचं तंत्रज्ञान माळव्यात घडतंय, हे ऐकून कोणताही स्थानिक खासदार सावरून बसेल. पण दोन गोष्टी सांभाळा. लायगो-इंडियाचा पैसा अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून येतो, अंतराळ विभागाकडून नाही. दोन्ही एकाच निवेदनात कालवले की पत्र चुकीच्या मंत्रालयात जातं आणि तिथून "आमचा विषय नाही" असा शेरा घेऊन परत येतं. आणि आयआयटीचं सिमरोळ महू तहसिलीत आहे. महू विधानसभा क्षेत्र इंदूरऐवजी धार लोकसभेत मोडतं. म्हणजे तुम्हाला एक सोडून दोन खासदारांना भेटायचं निमित्त आहे. आमदारांकडे जायचं असेल तर मागणी वेगळी ठेवा. उज्जैनजवळ डोंगला इथे कर्कवृत्तावर राज्याच्या विज्ञान परिषदेची वेधशाळा आहे. तिथे शाळांच्या सहली नियमित जाव्यात, ही राज्याच्या हातातली गोष्ट आहे.

भेटीला किती जण? चौघांपेक्षा जास्त नकोत, आणि त्यात एक तरी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी हवाच. मी ज्या कार्यालयात होते तिथे एकदा प्राध्यापकांचं शिष्टमंडळ आलेखांचे कागद घेऊन आलं होतं. साहेब ऐकत होते, पण पेनाशी खेळत. मग त्यांनी कोपऱ्यातल्या मुलीला विचारलं, "बेटा, घर कुठे तुझं?" ती देवासची होती. तिने सांगितलं की ती उपग्रहाने पाठवलेल्या माहितीवर पीएचडी करते, आणि शिष्यवृत्तीचे हप्ते महिनोन्‌महिने येत नाहीत म्हणून शिकवण्या घेते. साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यानंतरचे सगळे प्रश्न तिलाच विचारले गेले आणि पत्र त्याच संध्याकाळी टाइप झालं. तिला कोणी पढवून आणलं नव्हतं, म्हणून ते पोहोचलं. तुमच्या गटातल्या मुलांनाही भाषण पाठ करायला लावू नका. ते काय शिकतात आणि कुठे अडतं, एवढंच त्यांनी आपल्या शब्दांत सांगावं.

निवेदन एक पानी आणि हिंदीत असू द्या. सुमित्राताई महाजन 1989 ते 2019 इंदूरच्या खासदार होत्या, तेव्हा आपली मंडळी थेट मराठीतून मन मोकळं करायची. बोलायला आजही हरकत नाही, समोरच्याला कळत असेल तर. पण कागद दिल्लीला जातो, त्याला पुढे वाचणाऱ्याची भाषा हवी. पहिल्या दोन ओळींत मागणी, मग चार आकडे, मग इंदूरचा संबंध, खाली एका माणसाचं नाव आणि फोन. चंद्रयानाचे रंगीत फोटो नकोत.

वेळ साधणं अर्धी लढाई आहे. जानेवारीत जाऊन अर्थसंकल्पाबद्दल बोलणं उशिराचं, तोवर आकडे जवळपास ठरलेले असतात. मंत्रालयांची अर्थ खात्याशी चर्चा त्याआधीच्या शरदात होते, तेव्हा पत्र जायला हवं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात भेटा. समितीपर्यंत प्रश्न न्यायचा असेल तर अर्थसंकल्प मांडल्यानंतर अधिवेशनाला जी सुट्टी असते आणि जिच्यात समित्या मागण्या तपासतात, तिच्याआधी, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. अधिवेशन चालू असताना खासदार शनिवार-रविवारी मतदारसंघात असतात, पण ते दिवस लग्नं, उद्घाटनं आणि सांत्वनाच्या भेटींत जातात. सकाळी लवकर, दरबार भरण्याआधीची वेळ मागून घ्या.

भेटीनंतर दोन दिवसांत एक छोटं पत्र पाठवा: काय ठरलं, कोणी काय करायचं. प्रश्न विचारला गेला तर उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर येतं. ते उतरवून घ्या, नीट वाचा, आणि आयआयटीतल्या किंवा कॅटमधल्या ओळखीच्या माणसाकडून तपासून घ्या. सरकारी उत्तरात बहुधा अर्धा प्रश्न टाळलेला असतो. जो भाग टाळला आहे तोच पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न, तो टाइप करून पुन्हा त्याच सहायकाकडे द्या. आणि स्थायी समितीचा अहवाल आला की त्यात अंतराळ विज्ञानाचा परिच्छेद शोधा. तिथे तुमच्या मुद्द्याजवळ जाणारी एक ओळ जरी सापडली, तरी पुढच्या निवेदनाची सुरुवात त्या ओळीनेच करा. समितीच्या शिफारशीवर काय कार्यवाही केली हे सरकारला नंतर लेखी कळवावं लागतं, आणि तो कार्यवाही अहवालही तुम्हाला वाचायला मिळतो.